आयपी ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. इंटरनेटचं बिल ज्याच्या नावावर येतं त्यालाच गुन्हेगार धरून तपास सुरू करायचा, ही पद्धत चुकीची आहे. ती धोकादायकही आहे, आणि तिचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. वाशीमसारख्या गावात तर ती अधिकच धोकादायक आहे. इथे गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली फायबर पोचलं, केबलवाल्यानेच घरोघरी राऊटर बसवून दिले, आणि त्यातले बरेचसे आज नावालाच बंद आहेत. कुलूप आहे, पण किल्ली दारावरच टांगलेली.

हे वाढवून सांगितल्यासारखं वाटत असेल तर आधी सानपाड्याचं प्रकरण आठवा.

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागोमाग वीसहून अधिक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांच्या कार्यालयांत 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने एक ई-मेल पोचला होता. त्याचा आयपी ॲड्रेस तपासला तेव्हा तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटमध्ये निघाला. फ्लॅटमध्ये एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि बाहेरून कुणीतरी ते वापरून मेल पाठवून निघून गेलं होतं. महिनाभरात, २३ ऑगस्टला, दुसरा मेल आला. तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. त्याआधी मे महिन्यात जयपूरच्या स्फोटांनंतरचा मेल साहिबाबादच्या सायबर कॅफेतून गेला होता. कॅफेत मालक असतो, वही असते, कुणीतरी चेहरा पाहिलेला असतो. वायफायला चेहरा लागत नाही, भिंतीपलीकडे उभं राहिलं की पुरतं. मेल पाठवणाऱ्यांना हा फरक कळला होता. पोलिसांना तो त्या तीन महिन्यांत कळत गेला.

सानपाड्याच्या त्या माणसाचं काय झालं? एटीएसने त्याचे संगणक ताब्यात घेतले, चौकशी केली, वैज्ञानिक चाचण्या केल्या. त्याच्या नावाने लुकआऊट नोटीस होती, तरीही ऑगस्टच्या मध्यावर तो विमानात बसून देशाबाहेर गेला. त्यावर गदारोळ झाला. पुढे त्याचा स्फोटांशी संबंध नसल्याचं पोलिसांनीच सांगितलं.

माझी तक्रार त्या माणसाबद्दल नाही. त्याला जी वागणूक मिळाली तीच योग्य होती. आधी संशय घ्या, तपासा, यंत्राची तपासणी करा, दुसऱ्या कुणी आत शिरलं असेल का ते पाहा, आणि मगच बोला. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की त्या फ्लॅटच्या दारावर शेख, पठाण किंवा सय्यद अशी पाटी असती, घरमालक मूळचा मंगरुळपीरचा किंवा कारंज्याचा असता आणि त्याचा मुलगा बीसीए करत असता, तर 'वायफाय उघडं होतं, बाहेरून कुणी वापरलं असेल' हे वाक्य कोणत्या दिवशी छापून आलं असतं? पहिल्या दिवशी, की दहाव्या वर्षी?

दहावं वर्ष मी उगाच म्हणत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात स्फोट झाले (नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव. आमच्या वाशीम जिल्ह्यातही एक मालेगाव आहे, आणि त्या काळात तिथल्या लोकांना प्रवासात गावाचं नाव सांगताना दोनदा विचार करावा लागे). त्या प्रकरणात नऊ मुसलमान तरुण पकडले गेले. पाच वर्षं तुरुंगात, मग जामीन, आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर त्यातला एक जण मरून गेला होता. तिथे वायफायचा काही संबंध नव्हता. पण एकदा संशयाचं बोट एका दिशेला वळलं की ते परत फिरायला किती वेळ लागतो, एवढं त्यातून कळतं.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर लेख अर्धवट राहील. ते मेल कुणी पाठवले हे मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २००८ मध्ये सांगितलं. पकडलेल्यांत पुण्यातले शिकले-सवरलेले मुसलमान तरुण होते, त्यात एक सॉफ्टवेअर इंजिनियरही होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने स्फोटांच्या खटल्यात ४९ जणांना दोषी ठरवलं. त्यांपैकी ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना जन्मठेप सुनावली. याच खटल्यात २८ जण निर्दोष सुटले, तेही इतकी वर्षं खटला सोसून. ज्यांनी बाजारात आणि इस्पितळात बॉम्ब ठेवले त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही शब्द नाही. पण त्यांनी स्वतःला लपवण्यासाठी काय केलं ते पाहा. त्यांनी अमेरिकन माणसाचं घर वापरलं, शिखांच्या संस्थेचं कॉलेज वापरलं, एका कंपनीचं ऑफिस वापरलं. ज्याला खरंच गुन्हा करायचा आहे तो स्वतःच्या कनेक्शनवरून करत नाही. मग आयपी ॲड्रेस ज्याच्या घरी निघतो, तो आरोपी असण्याऐवजी पहिला साक्षीदार किंवा पहिला बळी असण्याचीच शक्यता मोठी असते. हा साधा तर्क आपल्या तपासात कधी उतरणार?

आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असं कुणी समजू नये. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरूहून एका सॉफ्टवेअर इंजिनियरला उचललं. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. तो मुसलमान नव्हता. कंपनीने, म्हणजे एअरटेलने, त्या आयपी ॲड्रेसबद्दल पोलिसांना दिलेली माहितीच चुकीची होती. चूक लक्षात येऊन तो सुटेपर्यंत त्याने ५० दिवस तुरुंगात काढले. त्याच्या राऊटरमध्ये कुणी शिरलंही नव्हतं. फक्त कागदावरचा एक आकडा चुकला होता.

असे आकडे आज चुकण्याची शक्यता कमी झाली नाही, वाढली आहे. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस जगात अपुरे पडल्यामुळे आपल्याकडच्या कंपन्या एकच ॲड्रेस एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. म्हणजे एकाच टपाल पत्त्यावर अख्खी चाळ. अशा वेळी नेमका ग्राहक शोधायचा तर ॲड्रेससोबत पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. परदेशी कंपन्यांच्या नोंदींत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. हे साडेपाच तास मिळवायला एखादा हवालदार विसरला तर पोलिस भलत्याच घराची कडी वाजवतील. आणि ज्याची कडी वाजली त्याला त्यातलं ओ की ठो कळणार नाही.

आता आमच्या राऊटरांकडे येतो.

वायरलेसचा इतिहास म्हणजे एका पाठोपाठ एक फुटलेल्या कुलपांचा इतिहास आहे. पहिलं कुलूप होतं डब्ल्यूईपी, १९९७ चं. २००१ मध्येच संशोधकांनी त्यातला दोष मांडला, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठातल्या तिघांनी ते मिनिटभरात उघडून दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत टीजेएक्स या मोठ्या दुकानसाखळीची चोरी उघडकीला आली. चोर एका दुकानाच्या डब्ल्यूईपी वायफायमधून आत शिरले होते आणि ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती घेऊन गेले. डब्ल्यूपीए आलं २००३ मध्ये, डब्ल्यूपीए-२ आलं २००४ मध्ये. ते बरंच मजबूत निघालं, तरी २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ याने त्यातही फट दाखवली. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ आहे, पण आपल्याकडे केबलवाले जो स्वस्त राऊटर ठेवून जातात त्यात ते असेलच असं नाही.

पण खरं सांगायचं तर वाशीममध्ये कुणाला इतकी विद्या वापरायची गरजच पडणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या काही घरांत आणि दुकानांत, मालकांना विचारून, मी राऊटर पाहिले. बहुतेक ठिकाणी वायफायचा पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाईल नंबर. कनेक्शन जोडायला आलेला पोरगा फॉर्मवरचा नंबर पाहून तोच टाकून देतो, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. दुकानदाराच्या बाबतीत तोच नंबर दुकानाच्या पाटीवर फूटभर अक्षरांत रंगवलेला असतो. आणि पाटी नसली तरी हिशोब करून पाहा. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. पण कुणी तुमचा फोन राऊटरशी जोडला जातानाची देवाणघेवाण हवेतून टिपून घेतली, की पुढचं काम त्याला घरी बसून करता येतं. गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासून पाहतं. ४०० कोटींना दहा लाखांनी भागा. ४००० सेकंद, सव्वा तासाच्या आत सगळं तपासून होतं. तेवढ्या वेळात वाशीमहून अकोल्याची एसटी अकोल्याला पोचतही नाही.

मग डब्ल्यूपीएसचं बटण. आठ आकडी पिन टाकून फोन जोडायची सोय. २०११ च्या डिसेंबरात असं उघड झालं, की ही पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे एक कोटी शक्यतांऐवजी फक्त ११ हजारच उरतात. जुन्या राऊटरांत हे चालू असतं आणि ज्याचा राऊटर आहे त्याला ते बटण कशाचं हेही ठाऊक नसतं.

सगळ्यात वाईट म्हणजे राऊटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड. तो बहुतेक ठिकाणी कंपनीतून आलेलाच होता, 'ॲडमिन'. ज्याला हा ठाऊक आहे आणि जो एकदा तुमच्या वायफायवर आहे, तो तुमच्या घरची अख्खी वाहतूक हवी तिकडे वळवू शकतो. तुम्ही बँकेचं नाव टाइप कराल आणि दुसऱ्याच पानावर जाल. ब्राऊजर इशारा देतो, पण पीकविम्याची शेवटची तारीख असताना आणि दारात सोयाबीनवाल्यांची रांग असताना सेवा केंद्रावरचा पोरगा तो इशारा वाचतो की 'पुढे जा' दाबतो, हे तुम्हीच ठरवा. जिथे लोकांचे आधार नंबर, सातबारे, बँकेची पासबुकं दिवसभर स्कॅन होतात, तिथला राऊटर 'ॲडमिन'वर चालतो. बाहेर बाकड्यावर बसलेली पोरं त्याच वायफायवर रील बघत असतात.

मी आमच्या केबलवाल्याकडे हा आतला पासवर्ड बदलून मागितला. उत्तर आलं, "तो कंपनीचा असते भाऊ, गिऱ्हाईकाले नाही देत." म्हणजे गुन्हा झाला तर जबाबदारी माझी, पण कुलपाची किल्ली कंपनीकडे. असा करार दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालेल?

एका किराणा दुकानदार चाचांना मी म्हटलं, पासवर्ड बदला, गल्लीतली सगळी पोरं वापरतात. ते हसले. "बेटा, पानी और वायफाय के लिए मना नहीं करते." मला हे वाक्य मनापासून आवडलं. आमच्या गल्लीत स्कॉलरशिपचे फॉर्म, बारावीचे निकाल, नोकरीच्या जाहिराती, सगळं या फुकटच्या वायफायवर झालेलं आहे. ती दानत मला मोडायची नाही. पण पाणी पिऊन गेलेल्या माणसाचा ठसा माठावर उरत नाही, वायफायवर मात्र ठसा उरतो आणि तोही चाचांच्या नावाचा. शिवाय आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरू नये ही शिकवण लहानपणापासून दिली जाते. तीच पोरं शेजारच्याचं वायफाय एखाद्या ॲपने फोडून दाखवतात आणि घरचे कौतुकाने सांगतात, "आमचा पोट्टा लई हुशार आहे!" आयटी ॲक्टच्या कलम ४३ आणि ६६ खाली या हुशारीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

गेस्ट नेटवर्क नावाची सोय बहुतेक राऊटरांत असते. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, दुकानाचा संगणक त्यातून दिसत नाही. ती जरूर वापरावी. पण बाहेर जाताना दोन्हींचा आयपी ॲड्रेस एकच असतो, त्यामुळे पोलिस यायचे ते चाचांकडेच येणार.

पोलिसांनी २००८ नंतर केलं काय? जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी मोहीम काढली. रस्त्यांवरून फिरून उघडी वायफाय शोधायची आणि मालकाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस द्यायची. त्यानंतर दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफायबाबत सूचना काढल्या. मोहिमेचा हेतू वाईट नव्हता. पण सगळा रोख कुणावर, तर दार उघडं ठेवणाऱ्यावर. दारं विकणाऱ्याला, ती तशीच बसवून जाणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. आजही रेल्वेच्या सहा हजारांहून जास्त स्थानकांवर फुकट वायफाय आहे, तिथे निदान मोबाईलवर ओटीपी येतो, कोण जोडला गेला याची नोंद राहते. घरच्या राऊटरला नोंद ठेवायची शिस्तच नाही. स्वस्त राऊटर जी थोडीफार नोंद ठेवतो ती वीज गेली की पुसली जाते. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते महावितरणलाही मोजता येणार नाही. म्हणजे 'त्या वेळी माझ्या वायफायवर दुसरंच कुणी होतं' हे सिद्ध करणारा एकमेव पुरावा पहिल्याच लोडशेडिंगमध्ये गेलेला असतो.

आज धोका बॉम्बच्या मेलपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला, इंटरनेट बंद करावं लागलं. जूनमध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून तेच. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव घेतला. कारण पुन्हा एक आक्षेपार्ह पोस्ट. ते खातं हॅक झालं होतं, ते शब्द आमच्या पोरांचे नाहीत, असा दावा तिथे पुढे आला होता. जमाव असल्या दाव्याची शहानिशा करत बसत नाही. पोस्टवर नाव कुणाचं, एवढंच तो बघतो. म्हणूनच पोलिसांनी त्यापलीकडे पाहणं ही सामाजिक शांततेची गरज आहे. एखाद्या पोराच्या नावाने, त्याच्याच घरच्या वायफायवरून, दोन ओळी लिहून गावाला आग लावणं आज किती स्वस्त झालंय, याचा हिशोब वर दिलाच आहे. सव्वा तास.

आणि ज्यांना वाटतं की यंत्रात सापडलं म्हणजे खरंच, त्यांनी भीमा-कोरेगाव प्रकरण पाहावं. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून शिरून फायली ठेवल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, खटला चालू आहे. पण प्रश्न उभा राहायला तेव्हा अडीच वर्षांहून जास्त तुरुंगवास होऊन गेला होता. विल्सन यांच्यामागे निदान वकील होते, परदेशात तपासणी करून घेणारे लोक होते. वाशीमच्या केबल ग्राहकामागे कोण आहे?

'मग पोलिसांनी तपासच करायचा नाही का?' असं विचारणारे भेटतात. करायचा, आणि नीट करायचा. घरातून राऊटर उचलताना वीज बंद करण्याआधी त्यातली नोंद आणि जोडलेल्या यंत्रांची यादी पंचांसमोर उतरवून घ्यायची. वायफायला पासवर्ड कोणता, डब्ल्यूपीएस चालू की बंद, आतला पासवर्ड कंपनीचाच का, हे पंचनाम्यात लिहायचं. कंपनीकडून आयपीची माहिती मागताना पोर्ट आणि वेळ, तीही कोणत्या प्रमाणवेळेत, हे लेखी घ्यायचं. फोन-लॅपटॉप जप्त करताना त्याचं हॅश मूल्य तिथेच काढून मालकाला द्यायचं. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश द्यावाच लागतो, तो जप्तीच्या दिवशीच का देऊ नये? आणि हे सगळं होईपर्यंत कुणाचं नाव, फोटो, मोहल्ला माध्यमांना द्यायचा नाही. यातल्या एकाही गोष्टीला नवीन कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. २०१६ पासून राज्यात जिल्ह्या-जिल्ह्यांत सायबर लॅब उघडल्या, त्या कशासाठी?

कंपन्यांकडून आणखी एक हवं. राऊटर बसवताना प्रत्येक ग्राहकाला वेगळा, यादृच्छिक पासवर्ड द्या, डब्ल्यूपीएस बंद करून द्या, आतली किल्ली ग्राहकाच्या हातात द्या, आणि हे केल्याचं कार्ड मराठीत आणि उर्दूत त्याला द्या. जिल्हाधिकाऱ्यांनी केबलचालकांची एक बैठक घेतली तरी महिनाभरात होईल असं काम आहे.

या मागण्यांचं एक पानी निवेदन लिहून झालं आहे. एक वकील मित्र सध्या त्यातली कलमं तपासतोय. ते पोलिस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांनाही द्यायचं ठरलं आहे. सह्या फक्त आमच्या मोहल्ल्याच्या नकोत. पाटणी चौकातल्या दुकानदारांपासून सेवा केंद्रवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांकडे ते फिरवणार आहे. केबलवाल्याकडे मात्र आधी जाईन. सही केली तर त्याचीही घेईन.